खोली खाली आहे का?

धार

समुद्राच्या गावी गेलं तर उतरावं कुठे, हे आजकाल गल्लीतले लोक मला थांबवून विचारतात. कढईत शेव पडत असली तरी विचारतात, आणि मग शेव लाल होते. म्हणून म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकावं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही हिंदी शाळेतलं. मराठी आहे ती घरातली, आईच्या तोंडची. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ शोधत बसू नका. ज्याला चुका काढायच्या त्यानं आधी माझ्यासारखी बारीक शेव पाडून दाखवावी, मग बोलावं.

आमच्या हिनं, सिंधूनं, जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मीही पाहिला नव्हता, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. धारला पाण्याची काय कमी? मुंज तलाव आहे, देवीसागर आहे. पण हिच्या मनात समुद्र बसला होता. इच्छा तशी साधी. समुद्रात पाय सोडून बसायचं आणि बसल्या बसल्या कपभर चहा प्यायचा. अडचण होती गुडघ्यांची. जिना चढवत नाही, वाळूत तर मुळीच चालवत नाही. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाकू, पुढे किती चालता येईल ते मग बघू. ते "मग बघू" हिनं पक्कं ऐकलं. दवाखान्याच्या पायरीवरच मला म्हणाली, "मग आधी समुद्र. डॉक्टर नंतर."

मी म्हटलं, ठीक.

देवास

आमची कुंदा देवासला दिलेली. तिचे सासरे वसंतराव बँकेतून रिटायर झालेले. माणूस लाखात एक, पण सगळीकडे जाऊन आलेला, आणि जाऊन आलेल्या माणसाचं तोंड बंद होत नाही. देवासला पूर्वी एकाच गावात दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. वसंतरावांचे पणजोबा थोरल्या पातीकडे कारकून. माझे पणजोबा धारच्या दरबारात मशालजी. ते म्हणतात, कारकून मोठा. मी म्हणतो, मशाल नसती तर कारकुनाला कागद दिसला असता का? हा वाद लग्नाच्या बैठकीत सुरू झाला, तो अजून चालू आहे, आणि मिटावा असं दोघांनाही वाटत नाही.

जायच्या आधी लेकीला भेटायला म्हणून देवासला गेलो. टेकडीवरच्या देवीला खालूनच हात जोडले, कारण हिचे गुडघे. घरात पाय ठेवतो तो वसंतरावांनी सुरू केलंच. म्हणाले, "वहिनींचं नाव सिंधू, आणि पाहिलं काय, तर मुंज तलाव." मग म्हणाले, रत्नागिरीला जा, मराठी मुलूख आहे, तुमचं भागेल. ते स्वतः जिथे उतरले होते तिथे तिसऱ्या मजल्यावर गॅलरी होती, समुद्र खाली सतरंजीसारखा अंथरलेला होता, आणि वर जायला लिफ्ट. लिफ्टचं नाव काढून त्यांनी मिशीवरून हात फिरवला, जशी ती यांनीच बसवली होती.

कुंदा लगेच मोबाइल घेऊन बसली. बाबा, फोटो बघा, बोट लावा, खोली बुक. मी तिचा हात धरला. म्हटलं, "तुला दिली तेव्हा हे घर मी स्वतः येऊन पाहिलं होतं. आता एक खोली बघायची, तर फोटो बघू?" वसंतराव मोठ्यानं हसले. घर त्यांचंच होतं.

नंबर मात्र कुंदाकडून घेतले. धारला येऊन दुकानातून एकेकाला फोन लावला. मी थेट माणूस. नमस्कार करायचा आणि विचारायचं, "खोली खाली आहे का?" जो तो म्हणाला, नाही, खाली नाही. एक जण म्हणाला, "खाली नाही, पण..." मी फोन ठेवला. नाही म्हटल्यावर पण कशाला ऐकायचा? वसंतरावांच्या लिफ्टवाल्यांकडेही तेच. आख्खी रत्नागिरी भरलेली. मी वसंतरावांना कळवलं तर ते म्हणाले, "या दिवसांत? भिया, तुम्ही नीट विचारलं ना?" भिया म्हणजे आमच्याकडचं भाऊ, पण वसंतराव भिया म्हणाले की समजावं, हे मला अडाणी म्हणून राहिले आहेत. मीही मग हट्टाला पेटलो.

शेवटच्या नंबरावर बाईमाणूस होतं. सुरंगाबाई म्हणून. म्हटलं, माणूस मोठं वाटतं, जरा अदबीनं बोलू. मी आमच्या घरच्या जुन्या रिवाजाप्रमाणे म्हणालो, "आपले येथे आम्हां उभयतांच्या मुक्कामाची सोय व्हावी. खोली खाली आहे का?" बाई म्हणाल्या, "हो, खालीच आहे."

मला आनंदानं भरून आलं. विचारलं, समुद्र दिसतो का? म्हणाल्या, "समुद्र नाही हो. खाडी आहे. अगदी मागच्या दारात."

खाडी. वाचणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. आमच्या शाळेत मास्साबनी नकाशावर बंगाल की खाड़ी दाखवली होती, ती दाखवायला त्यांना आख्खा पंजा ठेवावा लागला होता. कलकत्त्यापासून मद्रासपर्यंत सगळी खाड़ी. मी मागायला गेलो समुद्र आणि दारात उभी राहिली खाडी. सिंधूला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता थांबली. वसंतरावांना फोन लावून म्हटलं, तुम्हाला नुसता समुद्र मिळाला होता, आम्हाला खाडी मिळाली.

"पूर्ण?" त्यांनी विचारलं.

"पूर्ण," मी म्हटलं.

रत्नागिरी, पहिला दिवस

गाडीतलं काही सांगत नाही. गाडीत जे सगळ्यांचं होतं तेच आमचं झालं. धारला आगगाडी येणार, येणार, हे मी लहानपणापासून ऐकतो, तेव्हा इंदूरपर्यंत बस आणि पुढे आगगाडी. स्टेशनवरून रिक्शानं उतरत उतरत चार वाजायच्या सुमाराला सुरंगाबाईंच्या दारात पोचलो. बसकं कौलारू घर, पुढे पडवी, पडवीत सुपाऱ्या वाळत घातलेल्या. बाई माझ्याच वयाच्या, नाकात बोलणाऱ्या, नजर सुईसारखी. मला वरून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "तुम्हीच ते उभयता? फोन आला तेव्हा मला वाटलं, नाटकातला कोण राजा बोलतोय."

मी म्हटलं, राजा नाही, मशालजी.

खोली स्वच्छ होती. पायऱ्या चढायच्या नाहीत, पडवीतून थेट आत. मी सामान ठेवलं, सिंधूला म्हटलं, डोळे मीट. मागच्या दाराची कडी काढली आणि म्हटलं, आता उघड.

मागे दगडी पायऱ्या होत्या, चिखलात उतरलेल्या. पुढे सगळा चिखल. काळा, चकचकीत, पार पलीकडच्या माडांपर्यंत. त्यात एक होडी कुशीवर निजली होती. एक बगळा उभा होता, तोही विचारात पडलेला. बारीक खेकडे इकडून तिकडे पळत होते आणि वास असा येत होता की देवीसागराचा जेठातला वास आठवून जीव गहिवरला.

सिंधूनं विचारलं, "खाडी कुठे आहे?"

"हीच की," सुरंगाबाई म्हणाल्या.

"आणि पाणी?"

"गेलंय."

मी मधे पडलो. म्हटलं, यंदा इकडे पाऊस कमी झाला असेल. सुरंगाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य मी गिळलं. सिंधूनं पदर नाकाला लावला. थोड्या वेळानं म्हणाली, "हवा चांगली येते." इतकी वर्षं संसार केला आहे. ही हवेची तारीफ करायला लागली की बाकी सगळं बिघडलेलं असतं, हे मला कळतं. मी दार लावून घेतलं आणि कडी घातली.

तेवढ्यात वसंतरावांचा फोन. "काय, खोलीतून दिसतो का समुद्र?"

मी म्हटलं, "दिसतो म्हणजे काय. आवाज येत नाही तुमचा," आणि ठेवला.

जेवण मात्र असं की राग धरून ठेवता येईना. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण, सोलकढी. आमच्याकडे मटण सगळे खातात, पण मासा हा वेगळा मामला आहे. त्यात काटा असतो हे कोणी तरी आधी सांगायला पाहिजे. माझ्या घशात अडकला. सुरंगाबाईंची मोठी सून, जिला घरात सगळे नुसतं मोठी म्हणत, धावत आली, "अण्णा, भाताचा गोळा गिळा, चावू नका," आणि पाठीवर अशी थाप मारली की काटा कोणत्या दिशेनं गेला ते मला अजून ठाऊक नाही. सिंधू निमूट काटे काढून जेवली. बायकांना या गोष्टी कोण शिकवतं देव जाणे.

प्रवासाचा शीण होता. दिवे लागले तसे आम्ही झोपलो.

दुसरा दिवस

सकाळी घावणे. म्हणजे तांदळाचं पातळ धिरडं, जाळीदार, बरोबर नारळाची चटणी. चव गोड स्वभावाच्या माणसासारखी, चांगली पण सपक. मी पिशवीतून घरची शेव काढली आणि घावण्यावर पेरली. वर आमचं जिरावण, पोह्यांवर घालतो तो मसाला. सुरंगाबाईंच्या हातातलं उलथनं थांबलं.

"अहो, हे काय करताय?"

"शेव आहे. आम्ही सगळ्यावर घालतो."

"सगळ्यावर?"

"पोह्यांवर, डाळीवर, भाजीवर, चिवड्यावर."

"श्राद्धाला?"

मी म्हटलं, अजून वेळ आली नाही. यावर मोठी सून हसत हसत आत पळाली. पण दुपारी पाहिलं तर सुरंगाबाईंनी स्वतःच्या उसळीवर मूठभर शेव घातली होती आणि ताट भिंतीकडे वळवून जेवत होत्या. मी पाय न वाजवता मागे फिरलो. मोठ्या माणसाला जिंकताना आवाज करू नये.

मागचं दार मी सकाळी मुद्दाम उघडलं नाही. हिला उठल्या उठल्या चिखल कशाला दाखवायचा? देवदर्शन केलं, बाजारात हिंडलो. तिथे हिनं आमसुलं घेतली, आणि भाजीवाल्याला मी "भिया" म्हटलं तर तो म्हणाला, भ्यायला काय झालं? दुपार उतरल्यावर रिक्शा करून समुद्रावर गेलो. खरा समुद्र. पण तो आमच्याकडे पाठ करून लांब जाऊन बसला होता. मधे नुसती वाळू, माळव्यातल्या शेतांएवढी. सिंधूनं चप्पल हातात घेतली आणि निघाली. थोडं चालली. मग गुडघा धरून उभी राहिली.

मी म्हटलं, पाठीवर घेतो. म्हणाली, "आणि तुम्हाला कोण घेईल?" मग मी नारळवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची आणली. एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं रिक्शावाला. पालखी उचलावी तशी उचलली. लोक बघायला थांबले. एकानं जयजयकारही केला. माझ्या अंगात तर दरबार संचारला होता. आणि पाणी अजून चांगलं लांब असताना माझ्या बाजूचा खुर्चीचा पाय मोडला. सिंधू अलगद वाळूत बसली, मी तिच्यापुढे तोंडावर पडलो. सगळे हसले. रिक्शावाला इतका हसला की त्याला दुसरी खुर्ची द्यायला लागली असती. ही हसली नाही. पदरावरची वाळू झटकत समुद्राकडे पाहून म्हणाली, "जाऊ द्या. दिसला तर खरा."

तो माशाचा काटा बरा होता. हे वाक्य त्याच्यापेक्षा जास्त रुतलं.

घरी आलो तर सुरंगाबाईंना लुगड्यावरची वाळू दिसलीच. हिनं सगळं सांगितलं, पाय सोडून बसायचं, चहा, गुडघे, ऑपरेशन. बाई म्हणाल्या, "बाकी तुमचे यजमान शहाणे हो. एवढी हॉटेलं आहेत, पण आधी विचारलंनीत काय, तर खोली खाली आहे का. मी म्हटलं, बायकोच्या पायांचा विचार करणारा माणूस आहे. द्या याला खोली."

मी म्हटलं, "पायांचं नाही. खाली मतलब रिकामी. कोणी ठहरलं तर नाही ना, असं."

सुरंगाबाई म्हणाल्या, "अहो, इथे खाली म्हणजे खाली. जमिनीवर. रिकामी ती रिकामी."

मग सिंधूच्या तोंडून हळूहळू निघालं, "म्हणजे ते सगळे... खाली नाही, वर आहे, असं सांगत होते? आणि तुम्ही आख्खी रत्नागिरी भरून टाकलीत?" आणि तिला हसू फुटलं. असं फुटलं की तिनं खांब धरला. सुरंगाबाईंनी तिला धरलं, मोठ्या सुनेनं सुरंगाबाईंना. डोळ्यांतून पाणी. "मशालजी," ती मला म्हणाली, "अहो, मशालजी." पुढे बोलता येईना. मी गंभीर चेहऱ्यानं उभा होतो, पण खरं सांगू का, वाळूत जे रुतलं होतं ते त्या हसण्यानं थोडं सैल झालं.

दिवा लावायला उठता उठता सुरंगाबाई म्हणाल्या, "उद्या पौर्णिमा. उद्या मोठी भरती आहे. सकाळी कुठे जाऊ नका, घरीच थांबा."

मी एकदम चरकलो. त्यांची मोठी सून दिवसभर नारळ खवत होती, चांगली धडधाकट दिसत होती, पण आजाराचं काय सांगता येतं? आणि बाईंनीही कसं शांतपणे सांगितलं. मी म्हटलं, "निश्चिंत असा. घर आम्ही सांभाळतो."

"घर कशाला सांभाळायचं?" त्या म्हणाल्या. "तुम्ही नुसतं बघा."

धीराची बाई.

तिसरा दिवस

सकाळी आंघोळ करून टोपी घातली आणि पुढच्या पडवीत खुर्ची टाकून बसलो. घर सांभाळायचं तर दारात सांभाळावं. बरोबर शेवेची पुडी घेतली होती, पेशंटला द्यायला. दवाखान्यात शेव चालते की नाही याचा विचार करत होतो, तेवढ्यात मोठी सून कमरेला पदर खोचून बाहेर आली. "अण्णा, पुढे काय बसलात? मागे चला."

"तू भरती नाही झालीस?" मी विचारलं.

"मी?"

"काल त्या म्हणाल्या ना. मोठी भरती आहे म्हणून. कोणत्या दवाखान्यात?"

ती तिथेच सुपाऱ्यांत बसली. हसता हसता तिला श्वास लागला, आणि मला खरंच वाटलं की आता हिला भरती करावं लागेल. आतून सिंधूची हाक आली. "अहो, या ना. लवकर या."

मागचं दार उघडं होतं. चिखल नव्हता. खेकडे नव्हते, वास नव्हता. पलीकडच्या माडांपर्यंत पाणी, आणि पाणी उभं नाही, चालत येत होतं. परवा कुशीवर निजलेली होडी सरळ उभी राहून मान हलवत होती. आमचा मुंज तलाव भरायला चातुर्मास लागतो आणि भरला की वर्षभर तो जागचा हलत नाही. हे पाणी परवा घर सोडून गेलं होतं आणि आज सामानसुमान घेऊन परत आलं होतं. सुरंगाबाई म्हणाल्या, हे रोज दोनदा होतं, समुद्रच आत येतो, त्याला भरती म्हणतात, आणि पौर्णिमेला जास्त. म्हणजे मी दार लावून बसलो होतो आणि समुद्र रोज दोनदा येऊन, कडी वाजवून परत जात होता.

सिंधू उंबऱ्याखालच्या पायरीवर बसली होती. वाळू नाही, उतरायचं नाही, चढायचं नाही. फक्त खाली बसायचं. पाणी एक पायरी चढलं. थोडं थांबलं, आमच्याकडे पाहिल्यासारखं केलं, आणि पुढची पायरी चढलं. हिनं लुगडं घोट्याच्या वर घेतलं. पाय पुढे केले नाहीत, जागचे हलवले नाहीत. ज्याला यायचं तो येईल, अशी बसली. मी मागे उभा होतो, टोपी हातात, देवळात असतो तसा.

मग तिच्या अंगठ्याला पाणी लागलं. तिनं "अगं बाई" म्हटलं, इतकं हळू की ते पाण्यालाच म्हटलं असावं. थोड्या वेळात घोटे बुडाले. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. "खारट आहे हो." मीही लावलं. खारट. मी सुरंगाबाईंना म्हटलं, बघा, मास्साब खोटं नव्हते सांगत, खाडी मोठीच असते. त्या म्हणाल्या, "होय हो महाराज, मोठी."

मोठी सून चहा घेऊन आली. मी पुडी फोडली आणि आम्ही चौघांनी चहाबरोबर शेव खाल्ली. मी हिच्या शेजारी बसलो, पायजमा वर करायचा राहिला तो राहिलाच. समुद्राच्या गावी कुठे उतरावं, याचं उत्तर मी त्या पायरीवर बसून शोधलं आहे. ज्याचे पाय चांगले त्यानं वसंतरावांच्या लिफ्टनं वर जावं. बाकीच्यांनी फोन लावून मी विचारलं तेच विचारावं, शब्द बदलू नये.

तेवढ्यात फोन वाजला. वसंतरावच. मी काही सांगायच्या आधी सिंधूनं तो माझ्या हातातून घेतला. एका हातात कप, दुसऱ्यात फोन. पलीकडून त्यांनी विचारलं, ते मलाही ऐकू आलं. "काय वहिनी, व्याही खरं सांगत नाहीत. तुम्ही सांगा, खोलीतून समुद्र दिसतो का?"

सिंधूनं पायांनी पाणी थोडं हलवलं.

"दिसत नाही, व्याहीबुवा," ती म्हणाली. "पायाला लागतो."